दुभाजकातली फट

मार्च लागला की माझ्या दुकानाचा वास बदलतो. एरवी तिथं जुन्या कागदाचा आणि ओल्या फडक्याचा वास असतो. परीक्षा आल्या की मशीन दिवसभर तापतं आणि टोनरचा करपट, किंचित गोडसर वास पायरीपर्यंत येऊन थांबतो. समोरच्या कडुनिंबाला मोहर आलेला असतो. शेजारच्या गाड्यावर रस काढून टाकलेल्या मोसंब्यांची सालं टोपलीत वाळत पडतात. कारखान्यांकडून सळया भरून निघालेल्या गाड्या जातात, मागं बाहेर आलेली सळयांची टोकं लवलवतात आणि गाडी दिसेनाशी झाली तरी लोखंडाचा किणकिणाट ऐकू येत राहतो. मुलं-मुली घामेजल्या हातात हॉलतिकिटं धरून येतात. "काका, दोन कॉपी." "काका, पुढून-मागून." "काका, जल्दी."

हा मोसम मला फार आवडायचा. आवडायचा, असंच लिहायला हवं.

मी मराठीत एम.ए. केलं ते प्राध्यापक व्हायचं म्हणून. मुलाखती दिल्या, वाट बघितली, आणि शेवटी कॉलेजच्या ज्या फाटकातून शिकवायला आत जायचं मनात होतं त्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या अलीकडं, झेरॉक्सचं दुकान टाकलं. मशीनच्या काचेखालून जाणारं प्रत्येक पान मी वाचतो. कुणाच्या नोट्स कुणी उतरवल्या, कोणत्या चुकीची पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होते आहे, हे मला आतल्या प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक आहे. काही वर्षं याचाही मला अभिमान होता.

यंदा परीक्षेच्या आधी रंगारी आले आणि त्यांनी फाटकासमोरच्या, रस्ता ओलांडायच्या उंचवट्यावरचे पांढरे पट्टे पुन्हा रंगवले. दोघं होते. एक पट्टा ओढायचा, दुसरा हातात लाल फडकं घेऊन गाड्या थोपवायचा. गाड्या थांबत होत्या. दुपारच्या उन्हात तो ओला पांढरा रंग इतका झगमगत होता की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी ते उन्हावर ढकललं. पण मी त्या दिवशी मशीन बंद करून मागं जाऊन बसलो, हेही खरं आहे.

*

कांचन वाटूरची. वडलांची शेती, ती एकुलती एक. बी.ए.ला इथं जालन्याला यायची, रोज एसटीनं, पासवर. अंगानं बारीक, बोलायला तिखट. माझ्या दुकानात उभं राहून मला कामाला लावणारी ती पहिली मुलगी.

"काका, ही कॉपी फिक्की आली. बराबर काढा."

"दिसतंय की सगळं."

"तुम्हाला दिसून राह्यलं. मला परीक्षेच्या आदल्या दिवशी दिसलं पाहिजे ना."

मी पुन्हा काढायचो. एकदा तिच्या नोट्समध्ये एका कवितेचा अर्थ उलटाच लिहिलेला होता. मी मशीनचं झाकण वर केलं आणि म्हणालो, "हे कुणी सांगितलं तुला? इथं कवी टोमणा मारतोय, कौतुक नाही करत." ती काउंटरवर कोपरं टेकून ऐकत राहिली. मागं रांग खोळंबली होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतः लिहिलेली उत्तरं घेऊन आली. "हे बघा जरा. कॉपी न्हाई काढायची, फकस्त बघा."

त्यानंतर वर्षभर मी तिची उत्तरं बघत होतो. लाल पेन नव्हता, निळ्यानं बघायचो. ती मला काका म्हणायची, पण तिच्या वहीच्या समासात काही लिहिताना माझा हात वेगळा चालायचा. सगळ्या कॅम्पसात मला एक विद्यार्थिनी होती. एवढं लक्षात राहू द्या, कारण पुढं मी जे वागलो ते कुणा परक्या मुलीशी नाही.

*

आधी रस्ता अरुंद होता. हात दाखवून कुणीही कुठूनही ओलांडायचं. मग तो चौपदरी झाला. डांबर गुळगुळीत झालं आणि गाड्या अशा सुटायला लागल्या की पायरीवर उभं राहिलं तरी शर्ट हलायचा. मधे दुभाजक आला, त्यावर कमरेच्या वर येणारी लोखंडी जाळी आली. ओलांडायला जागा ठेवली ती खाली चौकाजवळ, चांगली दोन-तीनशे पावलं लांब. तिथं झेब्रा क्रॉसिंग रंगवलं, पाटी लावली.

आमच्या बाजूची दुकानं एकदम गप्प झाली. मुलं फाटकातून बाहेर यायची, जाळीपलीकडून आमच्याकडं बघायची, ऊन बघायची आणि परत आत जायची.

माझ्या शेजारी झुंबरशेठचं स्टेशनरीचं दुकान. त्यांच्या पणजोबांनी मारवाडातून येऊन इथं बस्तान बसवलं, आता ते आमच्याहून जास्त इथले. एका सकाळी ते माझ्या काउंटरशी आले. "मास्टर, तुम्ही शिकलेले. एक अर्ज लिवा ना. आपल्या दुकानांसमोर जाळीत थोडी जागा सोडा म्हणावं. पोरांची पण सोय, आपली पण."

मी अर्ज लिहिला. फार चांगला लिहिला. त्यात आमच्या धंद्याचा एक शब्द नव्हता. भर उन्हात वळसा घालून चालणाऱ्या विद्यार्थिनी होत्या, परीक्षेला होणारा उशीर होता, 'विद्यार्थ्यांची कुचंबणा' असा शब्द होता. सगळ्या दुकानदारांनी सह्या केल्या.

अर्ज गेला तशी एक तरुण इंजिनिअर बाई जागा पाहायला आली. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात टेप. ती आमच्या पायरीवर उभी राहिली, खाली वाकली, एकदा इकडून, एकदा तिकडून बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, इथं वळण आहे. तुम्हाला रस्ता रिकामा दिसतो तेव्हा वळणामागं गाडी असू शकते. आणि गाडीवाल्याला जाळीतून निघालेलं माणूस अगदी शेवटी दिसणार. इथं जागा सोडता येणार नाही."

ती मला सर म्हणाली होती. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी दिवसभर ते मनात घोळवलं असतं. पण भोवती सगळे दुकानदार उभे होते.

"मॅडम," मी म्हणालो, "तुम्ही या रस्त्यावर किती दिवस झाले? आम्ही पंधरा वर्षं बसलोय. आम्हाला रस्ता शिकवता का?"

सगळे हसले. ज्यूसवाला सगळ्यात मोठ्यानं हसला. तिनं टेप गुंडाळली, गाडीत बसताना एकदा मागं बघितलं आणि गेली. मला त्या दिवशी फार भारी वाटलं.

मग एका रविवारी, भर दुपारी, आम्हीच जाळी कापली. वेल्डिंगवाला ओळखीचा होता. कॅम्पस बंद, रस्ता ओसाड. ग्राइंडरला वीज माझ्या दुकानातून घेतली, वायर रस्त्यावरून ओढून नेली. गाडी आली की मी ती वायर उचलून धरायचो. ठिणग्या उडत होत्या, झुंबरशेठ छत्री धरून उभे होते. दोन उभे गज निघाले. माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट झाली. आम्ही ज्यूस प्यायलो. मोसंबी त्या वर्षी गोड होती.

दोन दिवसांत त्या फटीपाशी धुळीत पायवाट पडली. माझं मशीन पुन्हा तापायला लागलं.

*

कांचन मात्र चौकातूनच यायची.

फाटकातून निघायची, जाळीच्या कडेकडेनं खाली चौकापर्यंत जायची, झेब्र्यावरून ओलांडायची आणि पुन्हा तेवढंच वर चालत दुकानाशी यायची. घामानं लाल झालेली.

"समोर फट आहे ना," मी म्हणालो.

"आबांनी सांगितलं, पट्ट्यावरूनच जायचं. त्यांना मी शब्द दिल्ता."

"आबा वाटूरला, फट इथं. त्यांना काय दिसतंय?"

"मला तर दिसून राह्यलं ना काका."

मला ते लागलं असणार. कारण त्यानंतर मी तिला झेब्राबाई म्हणायला सुरुवात केली. "या झेब्राबाई, आलात का जग फिरून?" रांगेतली पोरं खिदळायची. आठवडाभरात ते नाव फाटकाच्या आत गेलं. मुलं तिला लांबून ओरडायची, 'झेब्रा आली, गाड्या थांबवा.' ती हसून सोडून द्यायची. एकदाच म्हणाली, "काका, तुम्ही पण ना." मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रांग मोठी होती आणि रांग हसत होती. हसणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण आवडतो, एवढंच मला त्या वर्षी कळत होतं.

तिचा तिसरा पेपर होता. सकाळची वेळ, पण ऊन चढलं होतं. मुलं आत जाऊन बसायला लागली होती. कांचन फाटकातून उलटी बाहेर आली. हॉलतिकिटाची एक प्रत वर्गात जमा करायची होती आणि तिच्याकडं ती नव्हती. तिनं रस्त्यापलीकडून मला बघितलं आणि हॉलतिकीट उंच धरून हलवलं. मग तिनं चौकाकडं बघितलं. जाऊन यायला वेळ पुरणार नव्हता हे मलाही दिसत होतं.

मी पायरीवर आलो. रस्ता बघितला. रिकामा होता.

मी हात केला. ये. तिनं मान हलवली, नाही. मी पुन्हा केला, पूर्ण हात, खांद्यापासून. ये, ये, काही नाही. आणि ओरडलो, "अगं ये की! पेपर चुकवतेस का?"

ती आली. अर्धा रस्ता पळत, पण नीट ओलांडला, फटीतून तिरकी झाली, क्षणभर थांबली आणि माझ्याकडं बघितलं. तिनं वळणाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मी हात करतच होतो.

सळयांची पिकअप होती.

आवाज मोठा नव्हता. ब्रेक लागल्यावर सळया पुढं सरकल्या त्याचाच आवाज मोठा होता. झुंबरशेठ त्या वयात अनवाणी धावले. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, ज्यूसवाल्यानं रिक्षा अडवली, दोघांनी तिला उचललं. मी पायरीवर होतो. हात कधी खाली आला मला आठवत नाही.

पोलीस आले. त्यांनी विचारलं, "तुम्ही बघितलं का?"

"हो."

"कसं झालं?"

"ती पळत आली," मी म्हणालो. "गाडी जोरात होती."

दोन्ही वाक्यं खरी होती. त्यांनी लिहून घेतली, मी सही केली. ड्रायव्हरवर गुन्हा दाखल झाला. तो पोरसवदा माणूस रस्त्याच्या कडेला बसून प्रत्येकाला सांगत होता, "एकदम समोर आली हो, एकदम समोर." कुणी ऐकत नव्हतं. मी ऐकत होतो.

*

उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. डोक्याला मार होता, पण शुद्धीवर आली.

झुंबरशेठ रोज दवाखान्यात डबा घेऊन जायचे. मी एकदा गेलो. वॉर्डाबाहेर बाकावर तिचे वडील बसले होते. उंच माणूस, पांढरी टोपी गुडघ्यावर ठेवलेली. मी दुकानवाला आहे हे कळल्यावर उठून उभे राहिले.

"तुम्ही होते ना तिथं? सांगा बरं मला, हिला काय एवढी घाई आल्ती? मी रोज सांगत होतो, बाई, पट्ट्यावरूनच जा. रोज. पोरीनं शब्द दिल्ता मला."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी ते बदललं.

"पोरं असतात हो," मी म्हणालो. "घाईत असतात."

त्यांनी मान हलवली. मला वाटतं त्याच क्षणी त्यांच्या मनात ते कायमचं बसलं. बघितलेल्या माणसानंच सांगितलं म्हटल्यावर आता शंका उरली नव्हती.

आत कांचन पडून होती. डोक्याला पट्टी, चेहरा सुजलेला. मला बघून तिनं ओठ हलवले. "काका, मला काहीच आठवून न्हाई राह्यलं. बसमधून उतरले तेवढं आठवतं. मी त्या फटीतून कशाला गेले असंल? मीच येडी."

डॉक्टर म्हणाले होते की त्या सकाळचं तिला बहुधा कधीच आठवणार नाही.

मला बरं वाटलं. हे मी इथं लिहून ठेवतो, कारण बाकी काही लपवलं नाही तर हेही लपवायला नको. त्या खाटेशी उभं राहून, पांघरुणाखालचा तो सपाट भाग बघत असताना, मला बरं वाटलं.

*

त्यानंतर सगळी कामं झाली. भराभर झाली. फट बुजवली, जाळी उंच केली. फाटकासमोरच, पण वळणापासून जरा खाली सरकवून, उंचवट्याचं क्रॉसिंग केलं. त्याच्या आधी गाडी गदगदा हलेल असे पट्टे, पिवळा लुकलुकता दिवा, दोन्ही बाजूंना पदपथ, पाट्या. ती इंजिनिअर बाई कामावर उभी असायची. तिच्याच कार्यालयानं तिला नोटीस दिली होती असं कळलं: जाळी तुटली होती तर तुम्ही बघितली का नाही? एका दुपारी तिनं जाळीच्या कापलेल्या गजांवरून बोट फिरवलं. गज एकसारखे कापले होते, ग्राइंडरनं, वेळ घेऊन. तिनं आमच्या दुकानांकडं बघितलं. विजेचे बोर्ड प्रत्येक दुकानात होते. तिनं काही विचारलं नाही. तिची बदली झाली.

काम पूर्ण झालं तेव्हा छोटा कार्यक्रम झाला. नारळ, हार, चहा. आणि चौकात फ्लेक्स लागला: 'व्यापारी बांधवांच्या पाठपुराव्याला यश'. त्यावर आम्हा सगळ्यांचे फोटो. माझा सगळ्यात मोठा, कारण अर्ज माझा होता. मूळ अर्जात काय मागितलं होतं हे कुणी पुन्हा वाचलं नव्हतं. त्यात 'विद्यार्थिनी' आणि 'कुचंबणा' हे शब्द होते, तेवढ्यावर भागलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही म्हणणं सोपं आहे, पण आठवतं. मी म्हणालो, "उशिरा का होईना." टाळ्या पडल्या. झुंबरशेठ कार्यक्रमाला आले नव्हते. त्यांनी त्या दिवशी दुकानच उघडलं नव्हतं.

ती कामं चांगली झाली आहेत. गाड्या खरंच हळू होतात. मुली बोलत बोलत, खाली बघत, रस्ता ओलांडतात आणि त्यांना काही होत नाही. मी दिवसभर ते बघतो. ती बाई जे जे म्हणाली होती ते सगळं तसंच निघालं, आणि मला रोज समोर बसून ते बघावं लागतं. परीक्षेच्या दिवसांत पेपर सुटला की एकदम शंभर पावलं त्या पांढऱ्या पट्ट्यांवर पडतात. मी कॉपी काढत असतो. झाकणाखालून प्रकाश सरकतो, बाहेर पिवळा दिवा लुकलुकतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, काका, जल्दी.

*

रंगारी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली.

मी तिला रस्ता ओलांडताना बघितलं. साडी, खांद्याला पिशवी. चाल किंचित अडखळती, पण काठी नव्हती. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. ती पायरी चढली आणि काउंटरवर हॉलतिकीट ठेवलं.

"काका, ओळखलं का?"

"कांचन."

"आता झेब्राबाई न्हाई म्हणत का?" ती हसली. त्या सकाळचं सगळं पुसलं गेलं होतं, पण हे राहिलं होतं.

राहिलेले पेपर द्यायला आली होती. उद्या पहिला. परतूरला एका शाळेच्या कार्यालयात कामाला लागली होती, तिथले हेडमास्तर म्हणाले होते की पदवी पुरी कर. लग्नाचं कुणी विचारत नव्हतं, ते तिनं हॉलतिकिटाची घडी मोडता मोडता सांगून टाकलं.

"आबा कसे आहेत?"

"गेले. मागच्या दिवाळीच्या आधी." तिनं हॉलतिकिटाची घडी सपाट केली. "शेवटपर्यंत एकच. दारात कुणी बसलं की सुरू. सांगून सांगून थकलो, पोरगी ऐकली न्हाई. मी पाणी पाजायला गेले तरी तेच. राग न्हाई करायचे, रडायचे. मी बी म्हणते, बराबर आहे. ऐकलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं."

मशीन तापत होतं. मी ते बंद केलं.

"कांचन," मी म्हणालो, "तू ऐकत होतीस. त्या दिवशीही तू फटीकडं गेली नव्हतीस. मी इथं उभा राहून तुला हात केला. तू नाही म्हणालीस. मी पुन्हा केला. ओरडून बोलावलं. आणि ती फटही आम्हीच पाडली होती, माझ्या दुकानातून वीज घेऊन."

तिचा चेहरा तसाच राहिला. तिनं मशीनकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"कसा केला हात?"

"काय?"

"दाखवा. कसा केल्ता?"

मी पायरीवर गेलो. तिथंच उभा राहिलो आणि हात केला. खांद्यापासून. समोरून जाणाऱ्या एका स्कूटरवाल्याला वाटलं त्यालाच बोलावतोय, त्यानं वेग कमी केला आणि मग गेला. ती काउंटरच्या बाजूनं वाकून बघत होती, डोळे बारीक करून, फार लांबचं काही शोधल्यासारखी.

"न्हाई आठवत," ती शेवटी म्हणाली. मग म्हणाली, "आबा होते तेव्हा का न्हाई सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर मला वर्षानुवर्षं माहीत होतं. ते एका शब्दाचं आहे. मी भ्यायलो. मी तो शब्द सांगितला.

"चला मंग," तिनं पिशवी उचलली. "मायला सांगा. मी सांगितलं तर ती म्हणंल, आता बाप न्हाई तर सोताचं झाकून राह्यली."

*

वाटूरवरून जाणारी मंठ्याची गाडी मिळाली. खिडकीतून गरम वारा येत होता. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली रानं उघडी पडली होती, मधेच एखाद्या विहिरीकाठी हिरवा तुकडा. कांचननं पिशवीतून नोट्स काढल्या आणि वाचायला लागली. मी शेजारी बसून होतो. तिच्या हातातली पानं माझ्याच मशीनची होती, जुनी, कडा पिवळ्या झालेल्या. एका समासात माझं निळं अक्षर होतं. तिनं ते पान उलटलं तेव्हा मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती पुढचं पान वाचत होती.

वाटूरला उतरून घरापर्यंत आम्ही हळू चाललो. तिची आई ओसरीवर सुपात तूर निवडत बसली होती. मला बघून पदर सावरला, पाण्याचा तांब्या दिला. कांचन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "माय, हे दुकानवाले काका. तुला काही सांगायचं म्हणून राह्यले."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, फट, वीज, हात, पोलीस, दवाखान्यातलं ते वाक्यसुद्धा. आईचे हात चालू होते. खडा सापडला की ती तो बाजूला टाकायची. मी थांबलो तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"हात तुम्ही केला."

"हो."

"पण पाय तर हिचेच व्हते ना?"

मी तांब्या खाली ठेवला.

"हिच्या बापानं हिला सांगितल्तं. ती तुमचं ऐकून आली, बापाचं ऐकली न्हाई. मंग?" तिचा आवाज चढला नव्हता. "तो माणूस तेच म्हणत म्हणत गेला. आता तुम्ही म्हणता हिचं चुकलं न्हाई. मंग ते काय खोटं बोलून गेले का? पोरीला उगंच बोल लावून गेले का?"

"माय," कांचन म्हणाली.

"न्हाई, सांगू दे ना त्यांना. इतकी वर्षं कुठं व्हते?" तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "च्या ठेव त्यांना. लांबून आले."

चहा झाला. तो प्यावा लागला. भिंतीवर टोपी घातलेल्या आबांचा फोटो होता. त्याच्याकडं बघायचं मी टाळलं. आईनं पुन्हा मान वर केली नाही. निरोप घेताना मी हात जोडले तेव्हा ती खडे निवडत होती.

कांचन फाट्यापर्यंत सोडायला आली. मी नको म्हणालो, तरी आली. ऊन उतरायला लागलं होतं. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. जालन्याची गाडी लांबून दिसली तेव्हा ती बोलली. रागानं नाही. हिशोब नीट सांगावा तसं, सावकाश.

"काका, पहिलंच बरं व्हतं. माझीच चूक व्हती तेव्हा घरात आम्ही तिघं एका बाजूला होतो. आबा रडायचे, माय रडायची, मी बी रडायचे. आता मला माहीत झालं मी ऐकत होते. पण हे मी कुणाला सांगू? मायला पटवलं की आबा खोटे पडतात. न्हाई पटवलं की मी एकटीच राहते."

गाडी येऊन थांबली. माणसं उतरली.

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मला उद्याचं वाचायचंय."